गुन्हा वेगळा, भरपाई वेगळी

रॉयल कॅनॉल आयर्लंडच्या वेस्टमीथ काउंटीतल्या मलिंगार शहराला तीन बाजूंनी वळसा घालून जातो. त्याच्या काठाने मेनूथपासून क्लूनड्रापर्यंतचा 130 किलोमीटरचा ग्रीनवे मार्च 2021 मध्ये रीतसर खुला झाला. जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावरून ॲथलोनला जाणारा चाळीसेक किलोमीटरचा ओल्ड रेल ट्रेल तर 2015 पासूनच आहे, आणि या दोन्ही वाटा मलिंगारला येऊन मिळतात. त्यामुळे या गावात सायकल काढायला धीर लागत नाही. पण ग्रीनवे काही कुणाच्या दारापर्यंत येत नाही. शाळा, दुकान, हॉस्पिटलची ड्युटी यांसाठी शेवटचा किलोमीटरभर गाड्यांच्या सोबतीनेच जावं लागतं, आणि जोखीम उरते ती तिथे. गाडीचा धक्का लागला की ऐकीव सल्ले सुरू होतात. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, केस केली नाही ना, मग विसरा. हेल्मेट नव्हतं, मग काय मिळणार? गाडीवाला पळाला, आता मागणार कुणाकडे? हे सगळे सल्ले एकाच गल्लतीतून निघतात. कुणी गुन्हा केला का, चूक कुणाची किती, आणि नुकसानीचे पैसे कोण देणार, या तीन प्रश्नांचं आपण एकच गाठोडं बांधतो. आयर्लंडचा कायदा ते सोडून ठेवतो, आणि जखमी सायकलस्वाराचा फायदा त्यातच आहे.

ही गल्लत आपल्याकडे का रुजली ते समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रात अपघात म्हटला की आधी पोलीस स्टेशन, एफआयआर, पंचनामा आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्याने तिथेही फौजदारी खटला आणि भरपाई वेगवेगळीच, पण व्यवहारात दाव्याची फाइल पोलिसांच्या कागदांवरच उभी राहते. म्हणून इथे येऊनही माणूस गार्डांच्या निर्णयाची वाट बघत बसतो. आयर्लंडमध्ये 1961 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टप्रमाणे बेपर्वा ड्रायव्हिंगसाठी कलम 52 आणि धोकादायक ड्रायव्हिंगसाठी कलम 53 आहे. त्याखाली शिक्षा व्हायची तर गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच तोललं जातं. त्यामुळे गार्डांनी खटला भरला नाही म्हणून भरपाईचा दरवाजा बंद होत नाही.

याचा अर्थ गार्डांना बोलावू नये असा कुणी काढू नये. माणूस जखमी झाला तर गाडीवाल्याने थांबलंच पाहिजे आणि आपली माहिती दिलीच पाहिजे, असं त्याच कायद्याचं कलम 106 सांगतं. गार्डांकडे नोंद असली की पुढे अपघाताचा सारांश मागवता येतो, साक्षीदारांची नावं हरवत नाहीत. पण पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात मोलाची वस्तू असते ती समोरच्या काचेच्या कोपऱ्यात. तिथे विम्याची डिस्क चिकटवलेली असते आणि तिच्यावर विमा कंपनी, पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर आणि मुदत असं सगळं छापलेलं असतं. त्या चिठोऱ्याचा एक स्पष्ट फोटो पुढचे आठवडे वाचवतो. नंबर प्लेटही वाचायला शिकावी. 191 म्हणजे 2019 च्या पहिल्या सहामाहीतली गाडी, डब्ल्यूएच म्हणजे वेस्टमीथची, बाकी अनुक्रमांक. घाबरलेल्या माणसाला सगळे आकडे आठवत नाहीत, पण वर्ष आणि काउंटी आठवली तरी शोध बराच आखडतो. आणि ड्रायव्हर ‘सॉरी, सॉरी’ म्हणाला यावर विसंबू नये. इथे तो शब्द आपल्या ‘अहो’सारखा तोंडात असतो.

आता उलट्या टोकाचा गैरसमज. आपल्या रस्त्यांवरचा अलिखित न्याय असा की मोठ्या गाडीचीच चूक. ट्रक आणि रिक्षा असेल तर ट्रकची, मोटार आणि सायकल असेल तर मोटारीची. नेदरलँड्समध्ये हा न्याय बऱ्याच अंशी खरोखर कायद्यात आहे. तिथे चौदा वर्षांखालच्या सायकलस्वार मुलाला मोटारीने इजा केली तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई मोटारीच्या बाजूने येते, आणि मोठ्यांनाही साधारणपणे किमान निम्मी मिळते. आयर्लंडमध्ये असं गृहीतक नाही. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सायकलस्वाराला दाखवून द्यावा लागतो. मला ही व्यवस्था न्याय्य वाटत नाही, कारण दीड टनाचं लोखंड घेऊन रस्त्यावर येणाऱ्याने जास्त जबाबदारी उचलावी हे सरळ आहे. पण कायदा बदलेपर्यंत पुरावा गोळा करणं आपल्याच हातात आहे. ज्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे बघतो तिथलं चित्रण काही आठवड्यांतच पुसलं जातं, ते आधी मागून ठेवावं. मोडकी सायकल दुरुस्तीला टाकण्यापूर्वी तिचे फोटो काढावेत. फाटलेलं जॅकेट धुऊन कपाटात ठेवू नये.

चूक दाखवावी लागते, तर मग आपलीही थोडी चूक असेल तेव्हा सगळंच गेलं का? इथे 1961 च्याच सिव्हिल लायबिलिटी ॲक्टचं कलम 34 येतं, आणि माझ्या मते सायकलस्वाराने एकच कलम लक्षात ठेवायचं तर हे. दोघांची चूक असेल तर ती वाटून टाकायची आणि तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी करायची. समजा नुकसान 20,000 युरोचं ठरलं आणि संध्याकाळी मागचा लाल दिवा नव्हता म्हणून एक चतुर्थांश दोष सायकलस्वाराचा धरला, तर 15,000 युरो मिळतात. शून्य नव्हे. दिव्याशिवाय अंधारात सायकल चालवणं हा इथे गुन्हा आहे, जुलै 2015 पासून त्याला 40 युरोचा जागेवरचा दंड आहे. पण तो दंड भरावा लागला म्हणून पाय मोडणाऱ्या गाडीला मोकळीक मिळत नाही. हेल्मेटचं तर त्याहून सोपं आहे, कारण आयर्लंडमध्ये त्याची सक्तीच नाही. विमा कंपनीचे वकील मुद्दा काढतील, पण ज्याचा खांदा निखळला त्याला हेल्मेटने काय वाचवलं असतं हे त्यांना सांगावं लागेल. डोक्याला मार असेल तर मात्र हा वाद खरा असतो.

चूक वाटताना विमा कंपन्या आणखी दोन गोष्टी पुढे करतात आणि बऱ्याच सायकलस्वारांना त्या खऱ्या वाटतात. सायकल ट्रॅक होता तरी रस्त्यावर का आलात? एकेकाळी ट्रॅक वापरणं सक्तीचं होतं, ती सक्ती 2012 मध्ये गेली. पादचाऱ्यांसाठी राखलेले रस्ते आणि वाहतुकीच्या उलट दिशेचे ट्रॅक सोडले तर रस्ता वापरायला पूर्ण मुभा आहे. दुसरं, दोघं शेजारी शेजारी का चालवत होतात? तेही नियमात बसतं. याउलट सायकलला धोकादायक पद्धतीने ओव्हरटेक करणं हा नोव्हेंबर 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन पेनल्टी पॉइंट आहेत. मात्र इतकं मीटर अंतर ठेवलंच पाहिजे असा आकडा कायद्यात नाही. ताशी 50 किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यावर एक मीटर आणि त्यापुढे दीड मीटर ही रस्ता सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस आहे. दाव्यात तिला वजन असतं, पण ती कायद्याची रेघ समजू नये. ई-बाइकवाल्यांनी इथे सावध राहावं. 250 वॉटपर्यंतची, पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी 25 किलोमीटरला मोटर बंद होणारी असेल तरच ती सायकल. त्यावरची असेल तर मे 2024 पासून नोंदणी, लायसन्स आणि विमा लागतो, आणि डिलिव्हरी करणारा मुलगा नकळत स्वतःच बिनविम्याचा वाहनचालक ठरू शकतो.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि तिथे बहुतेक लोक ड्रायव्हरच्या खिशाकडे बघतात. गाडीला तृतीय पक्षाचा विमा नसेल तर ती रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, त्यामुळे पैसे जवळपास नेहमी विमा कंपनीकडून येतात. विमाच नसेल किंवा गाडी पळून गेली असेल, तर 1955 मध्ये स्थापन झालेला मोटर इन्शुअरर्स ब्युरो ऑफ आयर्लंड आहे. सगळ्या मोटार विमा कंपन्यांच्या वर्गणीवर तो चालतो आणि नेमक्या अशाच जखमींना भरपाई देतो. अट अशी की अपघाताची खबर गार्डांना दोन दिवसांत, किंवा शक्य होईल तितक्या लवकर, दिलेली असावी. गाडी सापडलीच नाही आणि अंगाला इजा न होता नुसती सायकल मोडली, तर मात्र ब्युरो काही देत नाही. पळालेल्या गाड्यांच्या नावाने कुणीही मोडक्या वस्तू आणू नयेत म्हणून हा उंबरठा ठेवला आहे.

‘कोर्टाची पायरी नको’ ही धास्तीही बहुतांशी अनाठायी. 2004 पासून इजेचा दावा आधी एका मंडळाकडेच न्यावा लागतो. त्याचं जुनं नाव पर्सनल इंजुरीज असेसमेंट बोर्ड, आता इंजुरीज रिझोल्यूशन बोर्ड. ऑनलाइन अर्जाची फी 45 युरो, सोबत डॉक्टरांचा वैद्यकीय अहवाल. समोरच्याला उत्तर द्यायला 90 दिवस, आणि त्याची संमती आली की साधारण नऊ महिन्यांत रक्कम सांगितली जाते. यातली खरी गंमत अशी की चूक कुणाची हे बोर्ड ठरवतच नाही. ते फक्त इजा मोजतं, आणि समोरच्याने संमती दिली म्हणून त्याने चूक कबूल केली असंही होत नाही. दोघांना रक्कम पटली तर प्रकरण तिथेच मिटतं. नाही पटली, किंवा समोरच्याने नकारच दिला, तर बोर्ड परवानगीपत्र देतं आणि मग कोर्ट: 15,000 युरोपर्यंत डिस्ट्रिक्ट, इजेच्या दाव्यासाठी 60,000 पर्यंत सर्किट, त्यावर हायकोर्ट. वकील ‘एक तृतीयांश कापून घेतात’ ही आणखी एक दंतकथा. भरपाईच्या टक्केवारीवर फी लावायला इथे कायद्याने बंदी आहे. दावा हरला तर फी नाही अशा बोलीवर काम घेणारे सॉलिसिटर असतात, आणि त्या बोलीला इथे ‘नो फोल, नो फी’ म्हणतात, म्हणजे घोडीला शिंगरू झालं नाही तर पैसे नाहीत. किलबेगनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान याच काउंटीत आहे, तेव्हा हा वाक्प्रचार परका वाटत नाही. पण बोर्डाच्या पातळीवर वकिलाचा खर्च सहसा आपल्यालाच सोसावा लागतो, हे आधी विचारून घ्यावं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, दाव्यांच्या या सुकाळामुळेच तर इथला विमा महाग झाला. आक्षेप निराधार नाही. आयर्लंडमध्ये किरकोळ इजांना मिळणाऱ्या रकमा अनेक वर्षं फुगलेल्या होत्या. पण त्याला उत्तर दिलं गेलं आहे. 24 एप्रिल 2021 पासून न्यायाधीशांच्या परिषदेने ठरवलेली नवी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली, आणि सहा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मानेच्या दुखण्याला आता 500 ते 3,000 युरो मिळतात. ती बंधनकारक आहेत असं सुप्रीम कोर्टानेही एप्रिल 2024 मध्ये मान्य केलं. जाणूनबुजून खोटं किंवा फुगवून सांगितलं तर 2004 च्या कायद्याप्रमाणे दावा पूर्णच फेटाळला जातो, त्यातला खरा भागसुद्धा. दुसरा आक्षेप जास्त माणुसकीचा आहे. गाव लहान, गाडीवाला ओळखीचा, मुलं एकाच वर्गात. त्याच्यावर दावा कसा करायचा? त्याच्या विम्याचा हप्ता वाढेल, नो-क्लेम बोनस जाईल, हे खरंच आहे. पण तीन महिन्यांचा बुडालेला पगार आणि फिजिओथेरपीचं बिल जखमीनेच सोसावं, हा त्या मैत्रीचा हिशेब मला उलटा वाटतो. असे खर्च भागावेत म्हणूनच तर त्याने हप्ते भरले.

पैशांपेक्षा घड्याळ जास्त दावे बुडवतं. बरेच जण अजून तीन वर्षांची मुदत धरून चालतात, पण 2004 च्या कायद्याने ती दोन वर्षांवर आणली. अर्ज बोर्डाने दाखल करून घेतला की घड्याळ थांबतं, मात्र अर्ज अपुरा असेल, वैद्यकीय अहवालच जोडलेला नसेल, तर ते चालूच राहतं. त्याखेरीज समोरच्याला लेखी सूचना एका महिन्यात द्यायची असते. ती चुकली म्हणून दावा मरत नाही, पण खर्च ठरवताना न्यायाधीश ते विचारात घेऊ शकतात. मुलांची गोष्ट निराळी. कालव्याच्या पुलाजवळ नऊ वर्षांच्या मुलीला गाडीने उडवलं तर तिची दोन वर्षं ती अठरा वर्षांची झाल्यावर सुरू होतात, आणि तिच्या वतीने ठरलेली रक्कम कोर्टाने मंजूर करावी लागते.

विमा कंपनीचा फोन मात्र यातल्या कुठल्याच मुदतीची वाट बघत नाही. कधी कधी तो पहिल्या पंधरवड्यातच येतो, आवाज गोड असतो, रक्कम तेव्हा बरी वाटते, आणि कागदावर आपल्या ओळखीचे शब्द असतात, ‘फुल अँड फायनल’. मनगटाचं हाड जुळलं की नाही हे कधी कधी दुसऱ्या एक्स-रेपर्यंत कळत नाही. शिवाय 1986 च्या एका कायद्याप्रमाणे रस्ते अपघातातल्या जखमीला भरपाई मिळाली, तर सरकारी रुग्णालय उपचारांचं बिल त्याच्याकडून वसूल करू शकतं, आणि घाईच्या त्या रकमेत हे बिल कुणी धरलेलं नसतं.