मोबाईल चालवता येतो, पण कॉम्प्युटर कळतो का?

आपली मुलं मोबाईल आपल्यापेक्षा झटपट चालवतात. पण आत काय घडतं, असं विचारलं की गप्प. आमच्या वर्गातही तेच. रॅमची व्याख्या तोंडपाठ, अर्थ मात्र कोरा. म्हणून आम्ही वर्गात आर्डुइनो उनो बोर्ड आणला.

2005 साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या प्रकल्पाचा हा बोर्ड तळहातावर मावतो. त्यावरची चिप म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. प्रोग्राम साठवायला 32 केबी जागा, काम करताना लागणारी रॅम फक्त 2 केबी.

पहिला प्रयोग सोपा होता. बटण किती वेळा दाबलं ते मोजायचं. मोजणी 20 वर गेली आणि आम्ही वायर काढली. पुन्हा जोडल्यावर मोजणी शून्य, पण प्रोग्राम जागेवर! वीज गेली की रॅम रिकामी होते, हे मग कुणाला पाठ करावं लागलं नाही.

दुसरा प्रयोग, अंधार पडला की दिवा लावण्याचा. प्रकाश ओळखणारा सेन्सर जोडला की बोर्ड व्होल्टेज मोजून 0 ते 1023 मधला आकडा देतो. आमच्या जोडणीत अंधार वाढला की आकडा उतरायचा. 300 च्या खाली गेला की दिवा लागेल, असं मुलांनी ठरवलं. जोगेश्वरीच्या एका विद्यार्थिनीने तो बोर्ड घरी नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, आमच्याकडे भर दुपारीच दिवा लागला." तिच्या चाळीतल्या खोलीत ऊन येतच नाही. तिने आकडा बदलून 120 केला, तेव्हा काम जमलं. कॉम्प्युटरला अंधार कळत नाही, फक्त आकडा कळतो. तो आकडा माणूस ठरवतो. कुणाचं घर डोळ्यांसमोर ठेवून ठरवतो, हेही महत्त्वाचं.

पालकांनी घाबरू नये. लॅमिंग्टन रोडवर असा साधा बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर आर्डुइनोचे धडे मोफत आहेत. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सहावी ते बारावीच्या मुलांना तिथे असं साहित्य हाताळता येतं. मुख्याध्यापकांना जरूर विचारा. दोन गोष्टी मात्र पाळा: एलईडीला रेझिस्टर जोडा, आणि घरातल्या 230 व्होल्टच्या लाईनला मुलांना हात लावू देऊ नका.

अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. आता मुलांना, आणि मुलींनाही, स्वतःच्या हाताने एक तरी अल्गोरिदम लिहू द्या.