सुईने केस काढले. आता हे ठिपके जातील ना?

हनुवटीखाली एखाददुसरा राठ केस बोटाला लागला, की बाईच्या जिवाला जो घोर लागतो, तो तिचा तिलाच ठाऊक! मग न्हाणीघराची कडी लावून चिमटा, दुपारी घरातली सगळी निजली की ब्लीच, आणि महिन्याकाठी पार्लरमध्ये थ्रेडिंग. एवढे करूनही पंधरा दिवसांत तेच खुंट पुन्हा हाताला लागतात. शेवटी कुणीतरी सांगते, ‘‘अगं, सुईने कायमचे जातात,’’ आणि तुम्ही मनाचा हिय्या करून इलेक्ट्रॉलिसिस करून घेता.

खरी काळजी सुरू होते ती त्यानंतर. घरी येऊन आरशात पाहावे तर हनुवटी लाल, तिसऱ्या दिवशी बारीक तपकिरी ठिपके, आणि महिन्याभरात केस पुन्हा हजर! ‘पैसे गेले ते गेले, वर चेहराही गेला,’ असे वाटून कितीतरी जणी दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगनंतर उपचारच सोडून देतात. मैत्रिणींनो, यातल्या बहुतेकींचा चेहरा बिघडलेला नसतो आणि पैसेही बुडालेले नसतात. गोंधळ होतो तो दोन हिशेब एकत्र केल्यामुळे. कातडी भरून येण्याचा हिशेब दिवसांचा आणि आठवड्यांचा असतो. केस जाण्याचा हिशेब महिन्यांचा असतो. हे दोन्ही वेगवेगळे मांडले, तर निम्मी काळजी तिथेच कमी होते.

सुई करते तरी काय?

ही युक्ती काही आजकालची नव्हे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातले नेत्रतज्ज्ञ डॉ. चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस विजेच्या सुईने काढल्याचे १८७५ साली प्रसिद्ध केले. तिथून ती चेहऱ्यावर आली. केस ज्या बारीक नळीतून बाहेर येतो, तिच्यातच केसाएवढी बारीक सुई सरकवतात आणि क्षणभर वीज सोडतात. मूळच्या पद्धतीत त्या विजेने नळीतल्या ओलाव्यातून आणि मिठातून कॉस्टिक सोडा तयार होतो (हो, साबणाच्या कारखान्यात वापरतात तोच!) आणि त्याने केसाचे मूळ नष्ट होते. थर्मोलिसिस नावाच्या दुसऱ्या पद्धतीत ते उष्णतेने मरते. दोन्ही एकत्र वापरतात त्या पद्धतीला ‘ब्लेंड’ म्हणतात. पद्धत कुठलीही असो, कातडीच्या आत खसखशीच्या दाण्याहून लहान असा एक चटका बसतो. पोळ्या करताना तव्याचा चटका बसला तर बोटाचे जे होते, तेच इथे इवल्याशा जागेत होते. म्हणूनच लाली येते, सूज येते, खपली धरते.

पहिले दहा दिवस

सिटिंग झाल्यावर काही तास ती जागा लाल दिसते आणि डास चावल्यासारखी फुगते. वरचा ओठ तर जरा जास्तच सुजतो; घाबरू नका. एक-दोन दिवसांत सूज ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढी खपली दिसू लागते. ती आठवड्या-दहा दिवसांत आपोआप गळते. तुमचे काम एवढेच, की तिला हात लावायचा नाही. खाज सुटली तरी नख लावायचे नाही. खपलीखाली नवी कातडी तयार होत असते. ती अर्धवट असताना झाकण उचकटले, की डाग किंवा खड्डा राहण्याची भीती असते.

पहिल्या दिवशी थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ सुती फडका पाच-दहा मिनिटे ठेवावा. डॉक्टरांनी दिले असेल तेच मलम लावावे. एक-दोन दिवस पावडर, क्रीम, मेकअप काही नको. वाफ घेणे, कढत पाण्याने तोंड धुणे नको. जमल्यास त्या दिवशी भाकरी-पोळीचे काम दुसऱ्या कुणावर सोपवा. (एक दिवस घर उपाशी राहत नाही, बरं का!) स्कूटरवर तोंडाला ओढणी गुंडाळत असाल, तर ती रोज धुतलेली असावी; घामट ओढणीची सालपटल्या कातडीवर घासणूक झाली, की पुळ्या ठरलेल्या.

आणि घरगुती उपाय? इथे मी जरा कठोरच होणार आहे. हळद, लिंबू, डाळीचे पीठ-साय, टूथपेस्ट यांतले काहीही या खपल्यांवर लावू नका. एरवी उटणे लावायला माझी हरकत नाही, पण चटका बसलेल्या जागी लिंबाचा रस म्हणजे आगीत तेल. जखम चिडली की डाग अधिक काळा पडतो.

हे काळे डाग आपल्याकडे अधिक का पडतात, तेही समजून घ्या. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त. कातडीला कुठलाही त्रास झाला, की ती तिथे आणखी रंग तयार करून ठेवते. मुरूम गेल्यावर राहतात ना, तसेच हे डाग. ते व्रण नसतात. पुसट व्हायला मात्र काही आठवडे लागतात, कधी सहा महिनेही. त्या काळात ऊन हा त्यांचा मोठा मित्र आणि तुमचा वैरी! चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड घालायचे, तर सकाळी लवकर आटपा, डोक्यावरून पदर घ्या, आणि खपल्या पडून गेल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन रोज लावा.

मराठवाड्यातल्या एका बाईंची हकिगत सांगते. वय बेचाळीस, मुलगी कॉलेजात. यजमानांना न सांगता त्या भिशीच्या पैशांतून तीन वेळा सुई लावून आल्या. ठिपके दिसू लागले तसे जाऊबाईंनी विचारले, ‘‘हे काय हो, कांजिण्या आल्या की काय?’’ त्या शब्दाने बाई इतक्या हादरल्या, की औषधांच्या दुकानातून ‘गोरं होण्याची’ एक ट्यूब आणून दोन महिने लावत राहिल्या. आठ दिवसांत चेहरा उजळला, आणि मग तर ट्यूब सुटेचना. पुढे कातडी पातळ आणि लालसर झाली, ऊन सोसेना, आणि गालांवर, जिथे पूर्वी काही नव्हते तिथे, लव दिसू लागली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइडचे मलम चेहऱ्यावर फार दिवस लावले, तर केस वाढू शकतात! म्हणजे ज्यासाठी सुई टोचून घेतली, तेच दुखणे दुकानातून विकत आणले. २०१८ साली सरकारने अशी कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, तरी ती सर्रास मिळतात. त्या बाईंना त्वचारोगतज्ज्ञांनी ती ट्यूब बंद करायला लावली. चेहरा निवळायला आठ महिने लागले. सुईचे मूळचे ठिपके केव्हाच दिसेनासे झाले होते.

मात्र प्रत्येक गोष्ट ‘होईल बरे’ म्हणून सोडून देऊ नये. दोन दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पू झाला, ताप आला, लाली पसरत चालली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. सगळ्या खपल्या मिळून एक मोठी खपली झाली, किंवा प्रत्येक केसाच्या जागी खपली आली, तर वीज जास्त दिली गेली असण्याचा संभव असतो. पुढच्या सिटिंगआधी ते दाखवा, आणि ‘‘सगळ्यांना असंच होतं’’ या उत्तरावर समाधान मानू नका. बारीक खड्डे राहिले किंवा जागा कठीण होऊन वर उचलली गेली, तर सुई थांबवलीच पाहिजे.

मग केस परत का येतात?

आता दुसरा हिशेब. चेहऱ्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीला लागलेले असतात, काही गळण्याच्या बेतात, तर काहींचे मूळ कातडीखाली निवांत झोपलेले असते. वरच्या ओठावरचा केस साधारण चार महिने वाढतो आणि दीड महिना विश्रांती घेतो. हनुवटीचा जवळजवळ वर्षभर वाढत राहतो. सुईचा खरा परिणाम वाढत्या केसावर होतो. जे झोपले होते ते पुढे जागे होतात, आणि आपल्याला वाटते, काढलेलेच उगवले! त्यात तुम्ही थ्रेडिंग बंद केलेले असते, त्यामुळे इतके दिवस उपटले जाणारे केसही एकदम दिसू लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत केस वाढल्यासारखे वाटतात ते यामुळे.

काही केस खरोखरच परत येतात. वर्षानुवर्षे चिमट्याने उपटलेल्या केसाची नळी वाकडी झालेली असते, सुई मुळापर्यंत पोचत नाही. अशा केसाला दोनतीनदा सुई लावावी लागते. परत आलेला केस पहिल्यापेक्षा बारीक असला, तर काम मार्गी लागले आहे असे समजा. सिटिंगच्या वेळचीही एक खूण आहे: मूळ नीट मेले, तर केस चिमट्यात अलगद सुटून येतो. प्रत्येक केस उपटल्यासारखा ओढला जात असेल, तर विचारा.

संपूर्ण हनुवटी स्वच्छ व्हायला वर्ष-दीड वर्ष धरून चाला. सुरुवातीला सिटिंग लवकर लवकर असतात, पुढे अंतर वाढत जाते. मधल्या काळात चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंग अगदी बंद. मूळ जागेवर नसेल तर सुई मारणार कशाला? दिसतातच फार, तर कात्रीने कापा किंवा खपल्या नसतील तेव्हा रेझर फिरवा. रेझरने केस दाट होतात हा समज खोटा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढ्यांवर पाहणी करून १९२८ सालीच तसे दाखवून दिले.

परिणाम मोजायचा तर रोज आरशात पाहून मोजू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा, आणि सहाव्या महिन्याचा पहिल्याशी ताडून पाहा.

वर्ष उलटूनही नवनवे राठ केस येतच असतील, तर दोष सुईचा नसेल. पाळी अनियमित, वजन वाढते, मुरूम, डोक्यावरचे केस विरळ, असे असेल तर पीसीओडी किंवा हॉर्मोन्सची तपासणी करून घ्या. सुई असलेला केस मारते. नवा केस राठ व्हायचे थांबवत नाही. आणि चार-सहा महिन्यांतच भराभर केस येऊन आवाजही घोगरा झाला असेल, तर पार्लर, सुई सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

जायचे ठरवले असेल तर

त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा त्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. सुईचे नवे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा; कावीळ आणि एड्स यांच्या काळात यात संकोच कसला? पहिल्या वेळी हनुवटीखाली, सहज न दिसणाऱ्या जागी, दहा-बारा केसच काढून घ्या आणि तीन आठवडे वाट पाहा. तुमची कातडी कशी भरते, ते तेवढ्यात कळते. कान टोचल्यावर किंवा दंडावरच्या बीसीजीच्या लशीच्या जागी जाड गाठ आली होती का, हे आठवून सांगा. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठी चालू असलेल्या गोळ्या, गरोदरपण, हृदयातला पेसमेकर, काहीही लपवू नका. पेसमेकर असेल तर हा उपचार टाळलेलाच बरा. आणि घरात लग्न असेल, तर आदल्या महिन्यात सुरुवात करू नका. हळदीच्या दिवशी ताज्या खपल्यांवर पाचजणी हळद लावणार, तेव्हा ‘नको’ म्हणणार कशी?

पन्नाशीनंतर हनुवटीवर पांढरे राठ केस येतात, त्यांच्याविषयीही बऱ्याच जणी विचारतात. लेसर केसातल्या काळ्या रंगावर काम करते, त्यामुळे पांढऱ्यावर त्याचा उपयोग होत नाही. सुईला रंगाशी कर्तव्य नसते. असे केस बहुधा मोजकेच असतात, त्यामुळे सिटिंगही थोडक्यात होते. फक्त या वयात खपली पडायला एखादा आठवडा जास्त लागला, तर तेवढा धीर धरा.