भीतीचे सुटे भाग

छोट्या शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडायला निघालेल्या माणसाच्या मनात भीतींचा अख्खा जथा असतो. बोट उलटेल, आपण पाण्यात पडू, झोप लागल्यावर एखादे जहाज अंगावर येईल, डोलकाठी मोडेल, पोटात कळ आली तर डॉक्टर कुठून आणायचा, तीन आठवडे माणसाचे तोंड दिसले नाही तर डोके ठिकाणावर राहील का. किनाऱ्यावर बसून विचार केला की या सगळ्यांचा मिळून एकच बागुलबुवा होतो आणि त्याच्याशी झुंजायचे कसे, हे कुणालाच कळत नाही. लांब पल्ल्याच्या नौकानयनाची तयारी म्हणजे या बागुलबुवाचे सुटे भाग करणे. प्रत्येक भीतीला तिचे साधन, तिचा सराव आणि तिची गाठ नेमून द्यायची.

नागपूरकराचेच उदाहरण घ्या. नागपूरहून दोन्हीकडचे समुद्र साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब. तिथे पाण्याची भीती असते ती डोहाची: पाणी किती खोल, गाळात पाय रुतेल का. महासागरात खोलीला काही अर्थ उरत नाही. शंभर मीटर असो वा चार हजार, बुडणाऱ्याला फरक तो काय? उलट खोल पाणी हे बोटीला सुखाचे. धोका असतो तो काठाचा. वादळाची चाहूल लागली की अननुभवी माणसाला किनारा जवळ करावासा वाटतो, जाणता नाविक मात्र बंदरात वेळेत शिरता येणार नसेल तर बोट बाहेर काढतो. खडक, उथळ पाण्यात फुटणाऱ्या लाटा आणि वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटले जाणे, यांत बोटी जातात. ही उलटी अक्कल अंगवळणी पडणे हा शिक्षणाचा पहिला धडा.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर मराठी मुलखाला समुद्र नवा नाही. कोळ्यांची गलबते, आंग्र्यांचे आरमार, नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरण्याचे वेळापत्रक हे सगळे शाळेच्या पुस्तकात आहेच. तरी शिडाच्या छोट्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे वेड इकडे उशिरा आले. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांच्या चमूने ‘तृष्णा’ बोटीतून १९८५ ते १९८७ या काळात ती पूर्ण केली. एकट्याने ती करायला आणखी दोन तपे लागली.

तो एकटा माणूस म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते ‘म्हादेई’ बोटीतून मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाऊन असे चार थांबे घेऊन १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या नऊ महिन्यांवर भरपूर लिहिले गेले. त्याआधीच्या तीन वर्षांकडे मात्र फार कुणी पाहत नाही, आणि खरा मामला तिथेच आहे.

कल्पना होती निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहणाऱ्या या वीरचक्रप्राप्त दर्यावर्दीचा आग्रह असा की बोट भारतात बांधलेली हवी आणि नाविक भारतीय हवा. २००६ मध्ये दोंदे यांनी नाव दिले. पेशाने ते नौदलातले पाणबुडे. पाण्याशी सलगी होती, पण जगाला एकट्याने वळसा घालण्याचा अनुभव देशात कुणाकडेच नव्हता. म्हणून ते स्पेनमधील बिल्बाओला गेले आणि जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राबले. हेच नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीभोवती फिरून आलेले पहिले खलाशी. आणि त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ बांधली गेली होती मुंबईत, सागवानात. विद्या मुंबईहून गेली आणि फिरून घरी आली, असे म्हणायला हरकत नाही.

बोट बांधली रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, गोव्याच्या दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की हे बेट लागते. भातशेती, चर्च, देवळे, पाण्यावर हलणारी खारफुटी; जगाला वळसा घालणारी बोट इथे जन्मली असेल असे पाहणाऱ्याला वाटतही नाही. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाट यांचा, लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. रेड सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर इपॉक्सी व काचतंतूंचे थर अशी तिची काया. मांडवीचे जुने नाव म्हादेई, तेच बोटीला मिळाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. बांधकामाच्या सबंध काळात दोंदे तिच्यासोबत होते. कुठला नळ कुठून गेला, कुठला बोल्ट किती घट्ट, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला रात्री दोन वाजता बोटीच्या पोटातून येणारा ‘कट्ट’ असा आवाज ओळखीचा वाटतो. मोडतोडीची भीती घालवण्याचा याहून चांगला उपाय नाही. तयार बोट विकत घेणाऱ्यांनीही निदान एकदा तिची फळीन् फळी उचलून पाहावी.

उलटण्याची भीती सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी कामाची. तळ्यातली छोटी डिंगी सहज आडवी होते. बाजूला पोहत जाऊन तिच्या मधल्या फळीवर उभे राहायचे, वजन टाकायचे आणि ती सरळ करायची, हा सराव नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात देतात. महासागरी बोटीचे तसे नसते. तिच्या तळाखाली कील असते आणि तिच्यात काही टन वजन ठासलेले असते. बोट आडवी होऊन शीड पाण्याला टेकले तरी ते वजन तिला परत उभी करते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील आणि आतले सामान बांधलेले असेल, तर पूर्ण कोलांटीनंतरही अशी बोट बहुधा सरळ होते. आत उडालेला प्रेशर कुकर मात्र डोके फोडू शकतो. तेव्हा खरी तयारी म्हणजे प्रत्येक कपाटाला कडी.

पाण्यात पडणे ही मात्र रास्त भीती. सहा नॉट वेगाची बोट मिनिटाला १८५ मीटर जाते. एकट्याची बोट स्वयंचलित सुकाणूवर खुशाल पुढे निघून जाते. म्हणून कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचा आकडा डेकवर नाळेपासून मागपर्यंत ताणलेल्या पट्टीत अडकवलेला, दिवसा आणि शांत समुद्रातसुद्धा. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम (१८९५-१८९८) याला पोहता येत नव्हते. त्यातून कुणी पोहणे न शिकण्याचा अर्थ काढू नये. पण पोहण्यापेक्षा न पडणे महत्त्वाचे, हे त्याला पुरते कळले होते.

आता झोप. या सगळ्या विषयातला हा सर्वांत चवदार भाग. एकटा माणूस पाच महिने जागा राहू शकत नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियम तर सांगतो की बोटीवर सदैव पहारा हवा. म्हणजे एकटा दर्यावर्दी झोपतो तेव्हा कायद्याच्या अक्षराबाहेर झोपतो. हे सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे मुकाट चालवून घेतात. मग किती वेळ झोपायचे? हिशेब साधा आहे. ५० मीटरहून लांब जहाजाचा पांढरा दिवा किमान सहा सागरी मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. जहाज वीस नॉटने समोरून येत असेल आणि आपली बोट सहा नॉटने त्याच्या दिशेने जात असेल, तर अंतर तासाला सव्वीस मैलांनी तुटते. सहा मैल संपायला चौदा मिनिटे. क्षितिज कोरे पाहून डोळे मिटले तर पंधरा-वीस मिनिटांत उठून पुन्हा चहूकडे नजर फिरवायची, ही जुन्या खलाशांची चाल या गणिताच्या जवळपासचीच आहे.

आता जहाजांची ओळख आणि वाट दाखवणारी एआयएस यंत्रणा असते, रडारचा गजर असतो. पण कोकण-मलबारच्या किनाऱ्यावर मिणमिणत्या दिव्याची मच्छीमार बोट आणि तिची जाळी यंत्राला दिसतीलच असे नाही. म्हणून किनाऱ्यापासून पुरेसे लांब जाईपर्यंत झोप जवळजवळ बंदच. दक्षिण महासागरात जहाजे विरळ. तिथे तास-दीड तासाची झोप घेता येते. सरावलेला नाविक घड्याळापेक्षा आवाजाने जागा होतो: वारा फिरला, दोर सैल झाला, पाण्याची सळसळ बदलली की डोळा उघडतो. नागपूरकराला हे समजावून सांगावे लागू नये. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत गाढ झोपलेले घर वीज जाऊन ती घरघर थांबली की टक्क जागे होते. झोपेची थकबाकी फार वाढली तर मन खेळ करू लागते. आजारी स्लोकमला आपल्या बोटीच्या सुकाणूवर कोलंबसाच्या ‘पिंता’ जहाजाचा वाटाड्या उभा दिसला होता. त्यामुळे भास होण्याआधी झोपणे हेही कामच समजायचे.

बोट लागण्याचा त्रास दोन-तीन दिवसांत बहुतेकांना सोसू लागतो. कानातला तोल आणि डोळे यांची फारकत झाल्याने तो होतो. गोळी उलटीआधी घ्यायची, नजर क्षितिजावर ठेवायची. अॅडमिरल नेल्सनलाही तो चुकला नव्हता, तेव्हा लाज कसली?

घाबरून बोट सोडणे ही वेगळी गोष्ट. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी बुडाल्या अवघ्या पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. तेव्हापासून शिकवतात की लाइफराफ्टमध्ये पाऊल टाकायचे ते वर चढून, म्हणजे बोट पायाखालून जात असेल तेव्हाच.

एकटेपणाला उपकरण नाही. १९६८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊजण निघाले आणि एकटे नॉक्स-जॉन्स्टन पोचले. बाकीच्यांपैकी मॉईतेसिए शर्यत सोडून ताहितीकडे वळला, क्रोहर्स्टची बोट रिकामी सापडली. याच शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये झालेल्या गोल्डन ग्लोबमध्ये, जुन्याच साधनांनिशी, भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी दिवाडीत बांधलेल्या ‘तुरिया’वर निघाले. त्याआधी २०१२-१३ मध्ये त्यांनी ‘म्हादेई’वरून न थांबता प्रदक्षिणा केली होती. २०१८ च्या शर्यतीत मात्र २१ सप्टेंबरच्या वादळात ‘तुरिया’ची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीचे मणके मोडले. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. हेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. मनाच्या तयारीवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी आधी हा एक प्रवास नीट वाचावा.

शिकायचे कुठे? नागपूरकराने थेट मुंबईकडे धाव घेण्याचे कारण नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरवर शिडाच्या बोटींचे उत्तम प्रशिक्षण चालते. समुद्र नसलेल्या या दोन शहरांतून राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू निघतात. तळ्यात वारा वाचायला शिकायचे, मग किनाऱ्यालगत दिवसाची फेरी, मग अनुभवी तांडेलाबरोबर रात्रीची, मग मुंबई ते गोवा. नौदलातही क्रम हाच. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून जग फिरून आल्या, त्याआधी त्यांनी ‘म्हादेई’वर हजारो मैल काढले होते. दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी तर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून २९ मे २०२५ ला परतल्या; दोघीच असल्याने एक पहाऱ्यावर, एक झोपेत.

शेवटची तयारी पंचांगाची. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न सुमारे ५६ अंश दक्षिणेला आहे आणि ते तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत ओलांडायचे असते. म्हणून बोट आपल्याकडून ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान सुटते. दोंदे भर पावसाळ्यात मुंबईबाहेर पडले, ते याच हिशेबाने. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी हॉर्नला वळसा घातला.