सुतळीचा ट्रायपॉड

भिवंडी तालुक्यातील लोनाडच्या लेण्यात सहल गेली, की शिल्पपटाचे छायाचित्र हवेच. पण आत उजेड कमी. कॅमेऱ्याची झडप १/८ सेकंद उघडी राहिली, तरी तेवढ्यात हात हलतो आणि चित्र पुसट येते. यावर महागडा ट्रायपॉडच हवा असे नाही. कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारा पाव इंची स्क्रू (इंचाला २० आटे) घ्या. त्याला सुतळी बांधून तिची दोन टोके दोन पायांखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. सुतळी फारशी लांबत नाही, ताण तिला सैल होऊ देत नाही. त्रिकोणामुळे आडवी थरथरही घटते. विद्यार्थ्यांकडून सुतळीसह व सुतळीविना चित्रे काढवून तुलना करा. दगड झिजतोच; आजचे स्पष्ट चित्र उद्याची नोंद ठरेल.