मन-शरीर उपचारांचे यथार्थ स्थान

ध्यान, श्वसनाचा अभ्यास, स्नायुशिथिलीकरण (अवयवांतील ताण क्रमाक्रमाने सोडणे) इत्यादी साधनांनी मनाच्या द्वारे शरीरास स्वास्थ्य देण्याची जी पद्धती, तिला मन-शरीर उपचार म्हणतात. मन खंबीर ठेवले की कर्करोग हटतो, हा रूढ समज मात्र यथार्थ नव्हे. संशोधक डेव्हिड स्पीगेल यांच्या १९८९ सालच्या अमेरिकेतील अभ्यासात, स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या स्त्रियांचे आयुष्य समूह-मानसोपचाराने (समदुःखी रुग्णांच्या मार्गदर्शित बैठकांनी) वाढल्याचे दिसले होते. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अधिक विस्तृत चाचणीत आयुर्मान वाढले नाही, वेदना आणि मनस्ताप मात्र तुलनेने कमी राहिले. घाट चढणाऱ्या वाटसरूच्या पाठीवरील ओझे कोणी हलके केले, तर घाटाची उंची घटत नाही, पण चढण सुसह्य होते. या उपचारांचेही तसेच आहे. अपघात वा अत्याचार यांच्या मानसिक आघातानंतरही या उपचारांचा आधार मिळतो; तथापि डोळे मिटताच काहींच्या मनात त्या प्रसंगाच्या स्मृती उसळत असल्याने जाणकाराची देखरेख आवश्यक ठरते. म्हणून कर्करोगासारख्या रोगात शस्त्रक्रिया व औषधे यांचा इलाज चालू ठेवूनच या उपचारांची जोड द्यावी. आणि रोग बळावल्यास त्याचा दोष रुग्णाच्या मनोबलावर कदापि ठेवू नये.