नदीनें हलविलेली सीमा

नकाशांत दोन देशांच्या मधून नदी वाहतांना दिसली, कीं सीमा आंखणाऱ्यांचें काम फार सोपें झालें असेल असें आपणांस वाटतें. पण नदी म्हणजे कांहीं दगडी कुंपण नव्हे. ती चालते, आणि चालतां चालतां वाटही बदलते.

मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीवर चिवावा नांवाचें राज्य आहे. त्या देशांतील सर्वांत विस्तीर्ण राज्य तें हेंच. (आपल्याकडे हें नांव ठाऊक असतें, तें एका चिमुकल्या कुत्र्यामुळें!) पश्चिमेस सिएरा माद्रे पर्वताच्या खोल दऱ्या, तेथें दूरवर धावण्यांत विख्यात असे रारामुरी लोक राहतात. पूर्वेस वाळवंट. उत्तरेच्या सीमेवर जी नदी आहे तिला अमेरिकेंत रिओ ग्रांदे, म्हणजे मोठी नदी, म्हणतात. मेक्सिकोंत तिचेंच नांव रिओ ब्राव्हो, म्हणजे उग्र नदी. मला हें दुसरें नांव अधिक खरें वाटतें.

युद्धांत पराभूत झालेल्या मेक्सिकोनें १८४८ सालीं अमेरिकेशीं तह केला, आणि नदीपात्राचा मध्य ही सीमा ठरली. उत्तर तीरावर एल पासो शहर वाढलें, दक्षिण तीरावर आजचें सिउदाद हुआरेस. नदी मात्र दक्षिणेकडे सरकत राहिली. एक कांठ ती खरवडी, दुसऱ्या कांठीं मळई टाकी. त्यांत १८६४ सालीं मोठा पूर आला. चामिसाल नांवाची मेक्सिकोची जमीन जागची न हलतां नदीच्या उत्तरेस, एल पासोच्या बाजूस गेली!

अशा वेळीं न्याय कसा करावयाचा? नियम असा, कीं नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते. एकदम उडी मारली तर सीमा जुन्याच जागीं राहते. १९११ सालीं तिघां पंचांपुढें वाद गेला. बहुमतानें निवाडा झाला, कीं १८६४ पूर्वींचें सरकणें हळूहळू झालें, पुढचें नव्हे. म्हणून त्यापुढची जमीन मेक्सिकोची. पण १८६४ चें पात्र नेमकें कोठें होतें, तें आतां सांगतां येत नाहीं, असें म्हणून अमेरिकेनें निवाडा नाकारला.

वाद अर्धशतक रेंगाळला. तोंवर त्या जमिनीवर घरें, दुकानें उभीं राहिलीं होतीं. १९६३ सालीं तह होऊन तिचा मोठा भाग मेक्सिकोस परत मिळाला, तेव्हां एल पासोंतील पांच हजारांहून अधिक माणसांना बिऱ्हाडें हलवावीं लागलीं. त्यांतील बहुतेक मेक्सिकन वंशाचींच होतीं. घरांचे पैसे मिळाले, पण शेजार कोण भरून देणार?

१९६८ सालीं नदीला सुमारें सात किलोमीटर लांबीच्या कांक्रीटच्या कालव्यांत घातलें. दोन्ही तीरांवर आज चामिसाल नांवाच्याच बागा आहेत. मधल्या कालव्यांत बऱ्याचदां पाणीच नसतें, कारण तें वरच शेतीसाठीं वळविलेलें असतें. पुढें ओहिनागा गांवाजवळ चिवावांतूनच आलेली कोंचोस नदी तिला मिळते, आणि मग कोठें ती पुन्हां नदीसारखी दिसूं लागते.