भविष्यचित्रे आणि अट घालणारा हात

अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला घटमांडणी होते. तिचे भाकीत आमच्या मेहरूणमध्येही चवीने वाचले जाते. पाऊस किती, पीक कसे, याचे एकच उत्तर. ऐकणाऱ्याने फक्त मान डोलवायची. जागतिक पर्यावरण अहवालांतील भविष्यचित्रे मात्र भाकिते नव्हेत. 'असे वागलो तर असे घडेल' अशी ती सशर्त मांडणी असते. ही अट कोण घालतो, हाच माझ्या मते कळीचा प्रश्न आहे. आणि चित्राचा प्रकार ओळखल्याशिवाय तो विचारता येत नाही. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली असे चार प्रकार सांगितले.

पहिला प्रकार शोधक चित्रांचा. लोकसंख्या, व्यापार, तंत्रज्ञान यांच्या निरनिराळ्या वाटा कल्पून जग कोठे पोहोचेल हे त्यात पाहतात. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने २०२१ साली अशी पाच प्रमुख चित्रे मांडली. त्यांत शतकाअखेरची तापमानवाढ सुमारे १.४ अंशांपासून ४.४ अंशांपर्यंत जाते. या चित्रांच्या मुळाशी पाच सामाजिक कथानके आहेत आणि त्यांतले चौथे विषमतेने दुभंगलेल्या जगाचे आहे. नेमके तेच त्या पाच प्रमुख चित्रांत नाही! आकडे उरतात ते साऱ्या जगाच्या सरासरीचे. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात झोपणारा आणि उन्हात गटार उपसणारा माणूस त्या सरासरीत दिसत नाही.

दुसरा प्रकार लक्ष्यवेधी चित्रांचा. आधी मुक्काम ठरवायचा आणि तेथून मागे येत वाट आखायची. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी घटले पाहिजे, हे २०१८ सालच्या अहवालातील गणित या जातीचे. येथे अट उघड असते, म्हणून तिच्यावर वाद घालता येतो.

तिसरा प्रकार धोरणाच्या पूर्वचाचणीचा : निर्णयापूर्वी दोन-तीन पर्यायांचे परिणाम ताडून पाहणे. चौथा प्रकार झडतीचा : धोरण राबविल्यावर ठरलेले आणि घडलेले यांतील अंतर मोजणे. जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल वाढविण्यात तिचा प्रभाव थोडाच पडला, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० साली सांगितले, ते अशाच झडतीतून.

झडतीची ही रीत आपल्या चळवळीला परकी नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुले केले. पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि ठराव व ओंजळ यांतील अंतर जगासमोर आले.

आता हेच चार प्रकार जळगावच्या पाण्याला लावून पाहा. हे शहर वाघूर धरणाचे पाणी पिते. 'शहर वाढले, पाऊस लहरी झाला, तर काय होईल?' हा शोधक प्रश्न. तो अधिकारी विचारतीलच. 'मे महिन्यात शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला पुरेसे पाणी हवे, त्यासाठी आजपासून काय करावे लागेल?' हा लक्ष्यवेधी प्रश्न. तो वस्तीनेच विचारला पाहिजे. 'नवी टाकी आधी कोठे बांधावी?' ही पूर्वचाचणी. 'मागच्या योजनेचे पाणी कोणत्या गल्लीपर्यंत आले?' ही झडती. ती विद्यार्थी आणि शिक्षक वहीपेन्सिल घेऊनही करू शकतील.

शोधक चित्रे निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. संकटाचा आवाका त्यांच्यावाचून कळणार नाही. परंतु केवळ त्यांच्यावर विसंबलेला समाज प्रेक्षक होतो. ज्यांना शतकानुशतके इतरांनी आखलेल्या भविष्यात राहावे लागले, त्यांनी तरी प्रेक्षक होऊ नये. मुक्काम आपण ठरवावा आणि हिशेबही आपणच मागावा.